सध्या काय वाचता?

'सध्या काय वाचता?' हा प्रश्न आपल्याकडे जितक्या सहजपणे विचारला जातो, तितक्या सहजपणे त्याचे खरे उत्तर मिळत नाही. फराळाच्या ताटावर कोणी हा प्रश्न टाकला की यजमान क्षणभर थांबतात आणि 'मृत्युंजय' किंवा 'ययाति' असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर खोटे नसते. पण ते वाचनाचे नसून प्रतिष्ठेचे असते. कॉलेजात वाचलेले पुस्तक पुष्कळ माणसे आयुष्यभर 'सध्या' वाचत असतात. खरे उत्तर हवे असेल तर वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी उभे राहावे, किंवा घरातल्या बाईंच्या उशाशी काय पालथे ठेवले आहे ते पाहावे.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा एक फायदा असा की पालक समोर येऊन बसतात आणि उठून जाण्याची त्यांना घाई असली तरी ते जात नाहीत. मुलाच्या गुणांविषयी बोलणे संपले की मी हा प्रश्न विचारतो. बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडेही, गेल्या काही वर्षांत मला जी उत्तरे मिळाली त्यांत यशाचे मंत्र सांगणारी भाषांतरित पुस्तके बरीच होती. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ती लोक वाचतात, शेजाऱ्याला देतात आणि विसरतात. चरित्रे आणि आत्मकथनेही होती. पण पुन:पुन्हा आणि मनापासून घेतलेली नावे दोनच. एक भैरप्पा, दुसरे लंपन. एक कन्नड लेखक आणि दुसरा एक मराठी मुलगा, जो कधी जन्मलाच नाही!

भैरप्पांच्या नावावर काहींच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. एका ग्रंथालयाच्या पुस्तक-निवड समितीवर मी काही वर्षे होतो. तिथे एका सभासदाने रीतसर प्रश्न उपस्थित केला होता की मराठीच्या जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेने कन्नड कादंबऱ्यांच्या अनुवादांवर इतका पैसा का खर्चावा? प्रश्नात तळमळ होती. १९५६ पासून ज्या भागाने आपली भाषा हीच आपली बाजू म्हणून सांभाळली, तिथे हा प्रश्न कधीतरी येणारच. पण मला तो चुकीचा वाटला, तो उदारमतवादाचा धडा म्हणून नव्हे, तर वाचनालयाचे रजिस्टर मी पाहिले होते म्हणून. 'पर्व' घेऊन जाणारी माणसे तीच होती, जी मोर्चालाही जात होती.

यात एक कोडे आहे, आणि ते सोडविल्याशिवाय आपल्या भागातील वाचन समजत नाही. ज्या घरांत भाजी कन्नडमध्ये घेतली जाते, शेजारणीशी भांडण कन्नडमध्ये होते, त्या घरांत भैरप्पा मराठीतून का वाचले जातात? माझ्या पिढीपुरते उत्तर सोपे आहे. आम्ही मराठी माध्यमात शिकलो. कन्नड शाळेत होते, पण ३५ गुणांपुरते. ती भाषा आम्ही शाळेत शिकलो नाही, ती बाजारात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर कानांनी घेतली. कन्नड अक्षर समोर आले की आमची गती दुसरीतल्या मुलाची होते. शिवाय जी कन्नड आम्ही ऐकतो ती धारवाडी वळणाची. भैरप्पा हासन जिल्ह्यातल्या संतेशिवरचे, लिहिणारे जुन्या म्हैसूर प्रांताच्या कन्नडमध्ये. आमच्या गल्लीतल्या कन्नडभाषक मित्रालाही त्यांची ग्रामीण संभाषणे किंचित परकी वाटतात, मग आमची काय कथा! थोडक्यात, बेळगावच्या माणसाला भैरप्पांच्या कन्नडपेक्षा त्यांचे मराठी जवळचे आहे.

ते जवळचे असण्याला आणखी एक कारण आहे. हे अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नडभाषक, आणि स्वत: मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करणारे. उमाताईंनी 'संवादु-अनुवादु' या आत्मकथनात आपल्या कामाची रीत सांगितली आहे. विरूपाक्षांनी मूळ कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि उमाताईंनी ते ऐकत मराठी करायचे. मला ही माहिती नुसती गमतीची वाटत नाही, ती समीक्षेच्या उपयोगाची वाटते. अनुवाद कानांतून झाला आहे. आपल्या भागाला कन्नड जशी येते तसाच. म्हणूनच या मराठीत वाक्ये श्वासाच्या लांबीची आहेत. शब्दकोश उघडून बसलेल्या अनुवादात जो अडखळणारा ठेका जाणवतो, तो इथे नाही. 'वंशवृक्ष' मोठ्याने वाचून पाहावे. नंजनगुडच्या श्रोत्रियांच्या घरातील विधवा सून कात्यायनी दुसरे लग्न करण्याचे ठरविते त्या भागातील बोलणे आपल्याच माजघरात चालले आहे असे वाटते. साहित्य अकादमीने या अनुवादाला पुरस्कार दिला, तो योग्यच.

आता थोडी उणी बाजू. कानाने केलेला अनुवाद ओघवता होतो, पण त्या ओघात सगळ्यांचे आवाज एकसारखे होण्याचा धोका असतो. मूळ कन्नडमध्ये शेतमजूर, पुरोहित आणि प्राध्यापक वेगवेगळे बोलतात. मराठीत ते बरेचदा एकाच, सभ्य, पुण्याच्या बाजूला झुकलेल्या मराठीत बोलतात. माझ्या एका विद्यार्थिनीने 'पर्व' कन्नडमध्ये वाचले. तिच्या वडिलांनी मराठीत. दोघांत वाद झाला तो कथानकावरून नव्हे, तर एखादे पात्र किती रागावले आहे यावरून! मुलीच्या मते ते भडकले होते, वडिलांच्या मते नाराज होते. अनुवादावरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

तरीही 'पर्व' हे मराठी वाचकाच्या हाती योग्य वेळी आलेले पुस्तक आहे. १९७९ साली ते कन्नडमध्ये प्रसिद्ध झाले. भैरप्पांनी त्यासाठी महाभारतातील प्रदेश पायाखाली घातले. शाप, वर, दिव्यास्त्रे त्यांनी काढून टाकली आणि मागे उरली ती म्हातारी, थकलेली, आपापल्या जन्माचा हिशेब मांडणारी माणसे. मराठीत ही जमीन इरावती कर्वे यांनी १९६७ साली 'युगान्त' लिहून आधीच नांगरून ठेवली होती. त्याच वर्षी 'मृत्युंजय'ही आले. आपल्या वाचकाने उचलून धरले ते 'मृत्युंजय', हे खरे. त्यातील कर्ण तेजस्वी आहे, त्याची भाषा झगमगती आहे, आणि वयाच्या विसाव्या वर्षी तेच हवे असते. पण पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला कुंती हवी असते, म्हणजे 'पर्व'मधली. नियोगाच्या आठवणी, सवतीविषयीची असूया, मुले मोठी झाल्यावर आलेले रितेपण, हे सारे ती कोणत्याही अलंकाराविना मनाशी बोलते. आमच्या शाळेतील एका निवृत्त शिक्षिकेने हे पुस्तक तीनदा वाचले. चौथ्यांदा घेताना त्या म्हणाल्या, ''सर, युद्धाची पाने मी सोडते.'' हा मला पुस्तकाविषयीचा अत्यंत समंजस अभिप्राय वाटतो, कारण त्या कादंबरीतील युद्ध खरोखरच लांबले आहे.

भैरप्पांचे सारेच असे उतरलेले नाही. 'आवरण' (मूळ २००७) आपल्याकडे हातोहात गेले. पण ते वाचणाऱ्यांशी बोलताना मला जाणवले की त्यातील पात्रांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत, मुद्दे मात्र पाठ आहेत. नायिका कादंबरी लिहिते आहे आणि तिने वाचलेल्या संदर्भग्रंथांची यादीही कादंबरीतच येते. माझ्या मते तिथे युक्तिवाद माणसांच्या खांद्यावर चढून बसला आहे. 'मंद्र' त्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ. गायक म्हणून मोठा आणि माणूस म्हणून खुजा असा नायक उभा करणे सोपे नाही, आणि किराणा-ग्वाल्हेरच्या गप्पांत वाढलेल्या आपल्या हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात असा गवई कोणाला ओळखीचा वाटणार नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये भैरप्पा गेले, त्यानंतर मला सर्वांत अधिक मागणी याच पुस्तकाला झालेली दिसली.

लंपनची गोष्ट निराळी. प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' हा संग्रह १९९० च्या दशकात आला, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा ज्या गावात हिंडतो ते गाव आपले आहे हे सांगायला नको. संत हे इंदिराबाईंचे चिरंजीव, व्यवसायाने भूशास्त्राचे प्राध्यापक. पण आपल्या भागाने लंपनला केवळ 'गाववाला' म्हणून डोक्यावर घेतले असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल.

कानडी हेलाचे मराठी साहित्यात आधीही आले आहे. पुलंच्या 'गणगोत'मधील बेळगावचे रावसाहेब आठवावेत. ते चित्र अमर आहे, आणि त्यात पुलंचे प्रेमही ओतप्रोत आहे. पण तिथे ती बोली बाहेरून ऐकलेली आहे. लेखक प्रमाण मराठीत सांगतो आणि रावसाहेब अवतरणचिन्हांत बोलतात. हसू येते ते त्या दोन भाषांमधल्या अंतरामुळे. संतांनी ती अवतरणचिन्हेच काढून टाकली. लंपन त्या भाषेत नुसता बोलत नाही, तो तिच्यात विचार करतो, घाबरतो, सुमीविषयी गप्प राहतो. त्याचे ते 'मॅडसारखे' वाटणे, त्याचे नेमके पण अशक्य आकडे, मध्येच येणारे कन्नड शब्द, यांत विनोद आहे, पण त्या भाषेला हसणे नाही. आई-वडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलाचे दु:ख सांगायला ही घरगुती, मिसळलेली, पुण्याच्या व्याकरणात न बसणारी मराठी पुरी पडते, हे त्याने सिद्ध केले. चारही पुस्तके सारख्या तोलाची नाहीत. 'वनवास'मधला ताजेपणा पुढे काही ठिकाणी सवयीचा होतो. पण 'झुंबर'मध्ये वडिलांच्या मृत्यूची सावली पडते तेव्हा हीच पोरकट भाषा किती वजन पेलते ते पाहून थक्क व्हायला होते.

२०२४ साली लंपनवर मालिका आली. ती बऱ्यापैकी केली होती. त्यानंतर काही पालक पुस्तकाची चौकशी करीत आले, आणि इथेच मी जरा थबकतो. ही मुले इंग्रजी माध्यमातील. मराठी ती घरात अस्खलित बोलतात, पण छापील मराठी पान त्यांना जड जाते. म्हणजे आमच्या पिढीचे कन्नडशी जे नाते, ते या मुलांचे मराठीशी झाले आहे: कानाने येते, डोळ्यांनी येत नाही. आमच्या शाळेत मराठी माध्यमाच्या दोन तुकड्या होत्या, आता एक आहे. ठराव कितीही झाले तरी या वाक्यात बदल होत नाही.

गेल्या वर्षी मी नववीच्या तासाला लंपनची एक गोष्ट आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावली. शेजारच्या इंग्रजी माध्यमातील चार-पाच मुलांनाही बोलावून बसविले. गंमत अशी झाली की कन्नड शब्दांवर कोणी अडले नाही, आजीच्या बोलण्यावर कोणी अडले नाही. अडली ती पाठ्यपुस्तकी वळणाच्या जोडाक्षरांवर, आणि ती या गोष्टीत फारच थोडी होती. तास संपला तेव्हा गोष्टीची तीन पाने उरली होती. पाहुण्या मुलांपैकी एकाने पुस्तक घरी मागितले. त्याला येत नाही म्हणून आजी वाचून दाखविणार होती. पुस्तक तीन आठवड्यांनी परत आले, आणि सोबत चिठ्ठी होती, आजीच्या अक्षरात: पुढचा भाग आहे का?