शेजारी कुठे आहेत?

पोल्ट्रीतल्या जिवाणूंवर पीएचडी करायची म्हणताय? मग स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा पेपर आधी वाचा. अमेरिकेत, बोस्टनजवळच्या एका फार्मवर साधारण ३०० कोंबड्या आणल्या. निम्म्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन, बाकीच्यांचं खाद्य साधं. फार्मवरच्या माणसांची आणि शेजाऱ्यांची विष्ठा दर आठवड्याला तपासली. (नमुने देणाऱ्यांना सलाम!) ५-६ महिन्यांत फार्मवरच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनात. शेजाऱ्यांचे असे नमुने ६.८ टक्केच.

या शेजाऱ्यांमुळेच पेपरला वजन आलंय. आपल्याकडच्या अनेक थीसिसमध्ये काय असतं? चार दुकानांतून चिकन आणलं, ई. कोलाय वेगळे केले, डिस्क लावल्या, 'इतके टक्के रेझिस्टंट'. अहो, पण कोणाच्या तुलनेत? कोंबड्यांना खाद्यातून काय दिलं होतं, हे विचारलेलंही नसतं. मग हे जिवाणू फार्मवरून आले की खाटकाच्या सुरीवरून, कसं कळणार?

लेव्हींचा पेपरही डोळे झाकून घेऊ नका. एकच फार्म, मोजकीच माणसं, आणि त्याच माणसांचे नमुने पुन्हा पुन्हा. असे नमुने एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे त्यातला पी ०.००१ पेक्षा कमी पाहून मला फारसं भारावून जायला होत नाही. एका शेडमधल्या पन्नास कोंबड्यांचंही तेच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सॅम्पल साइज म्हणून जो आकडा आहे, तो कोंबड्यांचा की फार्मचा?