'मुळे' जपून वापरा

गरोदरपण आणि हृदयविकार या विषयावर लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात, तर एक पेपर समोर येणारच. लीन बेलामी आणि सहकारी, ब्रिटिश मेडिकल जर्नल, २००७. पंचवीस अभ्यासांचं मेटा-अनॅलिसिस, ३४ लाखांहून जास्त बायका, त्यांतल्या १,९८,२५२ जणींना प्री-एक्लॅम्पसिया झालेला, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढलेलं आणि बहुधा लघवीतून प्रथिनं जाणारी. पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचा धोका या बायकांमध्ये २.१६ पट निघाला. आपल्या थिसिसमध्ये त्याचं होतं काय? 'प्री-एक्लॅम्पसियामुळे हृदयविकाराचा धोका दुप्पट होतो.'

माझा आक्षेप त्या 'मुळे'ला आहे.

दुप्पट कशाच्या, हे तर आधी विचाराच. सरासरी पाठपुरावा ११.७ वर्षांचा, म्हणजे बऱ्याच बायका अजून तरुणच. समजा, हजारात पाच जणींना आजार होणार असेल, तर इथे साधारण अकरा जणींना. पण खरी गोची पुढे आहे. ज्यांचं बीपी आणि वजन गरोदरपणाआधीच जास्त होतं, त्यांना प्री-एक्लॅम्पसियाही जास्त होतो आणि हृदयविकारही. मग गरोदरपणाने इजा केली, की आधीपासून असलेला धोका उघडा पाडला? बेलामींच्या हातात आलेल्या बहुतेक अभ्यासांत आधीची मोजमापं नव्हती, त्यामुळे त्यांचा पेपर हे सांगू शकत नाही. दोष त्यांचा नाही, तो आकडा वाटेल तसा वापरणाऱ्यांचा आहे.

नॉर्वेत हे तपासता आलं. तिथे १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद आहे, आणि हुंट या पाहणीत १९८४ पासून एका अख्ख्या जिल्ह्यातल्या लोकांचं बीपी, वजन मोजलं गेलं. दोन्ही जोडून रोमुंडस्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गरोदरपणाआधीची मोजमापं हिशेबात धरली, तर नंतरच्या बीपी-वजनातला फरक बराच आटला. (पेपरच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे. असं प्रश्नचिन्ह मला आवडतं.)

याच हुंटवरचा २०१९ चा पेपर मात्र वेगळा वाचा. त्यात जास्तीच्या धोक्यापैकी ७७ टक्क्यांपर्यंत भाग बीपी आणि बीएमआयने समजावला जातो. पण ही मोजमापं मुख्यतः गरोदरपणानंतरची! बीपी तेच, पण आधी मोजलं तर कन्फाउंडर, नंतर मोजलं तर बहुधा मिडिएटर. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही, दोन्ही वेळा ते निमूट 'अ‍ॅडजस्ट' करून देतं. तो फरक तुम्हालाच कळायला हवा.

हा शब्दांचा कीस नाही. इजा गरोदरपणाने केली असेल, तर प्री-एक्लॅम्पसिया टाळल्याने पुढचा हृदयविकारही टळेल. धोका नुसता उघडा पडला असेल, तर बाळंतपणानंतर बीपी बघत राहणं हाच उपाय. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, आईचं बीपी कुणी विचारत नाही.

ऑक्सफर्डच्या पॉप-एचटी चाचणीने (२०२३) ही वाट धरली. २२० बायका. एका गटाने घरी स्वतः बीपी मोजायचं आणि डॉक्टरांनी त्यानुसार औषध कमी-जास्त करायचं. नऊएक महिन्यांनी या गटाचं खालचं बीपी ५.८ ने कमी होतं, तेही रँडमाइज्ड चाचणीत. इथे 'मुळे' लिहा, बिनधास्त. फक्त त्यापुढे बीपी लिहा. हार्ट अटॅक या चाचणीने मोजलेला नाही, आणि २२० जणींच्या नऊ महिन्यांत तो मोजता आलाही नसता.