जखमी मावळा

कलासमीक्षक मोठमोठ्या दालनांतल्या चित्रांवर पानंच्या पानं लिहितात; दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यासाठी कुणी दोन ओळी खर्चत नाही. वास्तविक रंगाऱ्याची खरी परीक्षा तिथंच. चित्रकाराला कागद कोरा तरी मिळतो. मावळा साच्यातूनच बिघडून आलेला असतो.

आमच्या राजूरला, म्हणजे गणपतीच्या राजूरला, दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला रचतात आणि मी त्याचं परीक्षण करतो. बोलावत कुणी नाही; समीक्षकाला बोलावणं लागत नाही.

हे मावळे प्लास्टरचे. साचा दोन भागांचा. जोडातून थोडं प्लास्टर बाहेर आलं की शिपायाच्या कानावरून, खांद्यावरून एक उभी रेघ उतरते. आत हवा अडकली तर गालाला खळगा पडतो. साचा म्हातारा झाला की नाक आणि गाल एक होतात. अशा चेहऱ्यावर डोळे काढायचे कुठं? रंगारी अंदाजानं दोन ठिपके देतो. म्हणून आमचा पहारेकरी एका डोळ्यानं शत्रूकडं आणि दुसऱ्यानं चकलीच्या ताटाकडं पाहतो.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. लंडनच्या ब्रिटन कंपनीनं १८९३ साली शिशाचे पोकळ शिपाई काढले. वितळलेला रस साच्यात ओतायचा, कडेचा थर गोठला की उरलेला परत ओतून घ्यायचा. शिसं वाचलं, शिपाई स्वस्त झाला. पण ओतकाम म्हटलं की जोडाची रेघ आलीच, आणि रस टोकापर्यंत पोचण्याआधी गोठला तर बंदूक आखूड! असल्या शिपायांच्या लुटुपुटीच्या लढाईवर एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. जुने धातूचे शिपाई रंगवणारे शौकीन आजही आहेत. त्यांच्या हातात आधी कानस येते, ब्रश मागाहून.

माझं म्हणणं एवढंच. दोष रंगाखाली जात नाही. गेलाच तर रूपही सोबत घेऊन जातो. जाड रंग फासला की रेघ बुजते आणि पागोट्याची घडीही बुजते. देवाच्या शेंदराची गोष्ट वेगळी, तो भक्तीचा थर. २०२२ साली सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरचा जुना लेप उतरवला, तेव्हा आतलं कोरीव रूप पुन्हा दिसलं. पण बोटभर मावळ्यासाठी लेप उतरवायला कोण बसणार?

शेजारच्या मुलीनं मात्र आधी पॉलिश पेपरनं रेघ घासली, मग पातळ रंग दिला. गालाचा खळगा तसाच ठेवून त्यात बारीक लाल रेघ ओढली. म्हणाली, "काका, हा सिंहगडावर लढलाय." झाकलेल्या दोषानं मावळा नुसता नग राहतो, दोषाला काम दिलं की माणूस होतो.

अर्थात प्रत्येक खोटीला जखम म्हणणं ही लबाडीच. एक पाय आखूड निघाला तर साचेवाल्याचाच कान धरावा.

तेव्हा पहिला नंबर जखमी मावळ्याला. चकलीवर नजर ठेवणाऱ्याला उत्तेजनार्थ बक्षीस. किल्ला पडला तरी फराळ शाबूत राहील.