पाणी, पानी आणि डार्विन

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात बोलायला गेले होते. विषय होता, भाषा कशा बदलतात. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, आमच्या वाडीवरची मराठी शाळा बंद पडली. भाषांमध्येपण डार्विनचाच नियम असतो ना? बळी तो कान पिळी." सभागृह हसले. मीही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. उत्क्रांतीच्या कल्पनेने भाषाबदलाचा उलगडा करणारे सिद्धान्त मी वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. ते खरोखर असे म्हणतात का? त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर येथे देण्याचा प्रयत्न आहे.

भाषा आणि उत्क्रांती यांची सोयरीक जुनी आहे. डार्विनचा 'ओरिजिन' 1859 सालचा. 1863 साली जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट श्लायखर याने जीवशास्त्रज्ञ हेकेल याला उद्देशून एक जाहीर पत्र छापले आणि डार्विनचे म्हणणे भाषांना तंतोतंत लागू पडते, असे मांडले. भाषांच्या वंशवृक्षाचे चित्र तर श्लायखरने डार्विन वाचण्याआधीच काढले होते. त्याच्या मते भाषा हा एक नैसर्गिक जीव. तो माणसाच्या इच्छेवाचून वाढतो, थकतो, मरतो. ही कल्पना पुढे शास्त्रातून गेली, पण बोलण्यातून गेली नाही. 'संस्कृत ही मराठीची जननी', 'मराठीला घरघर लागली आहे' ही आपली वाक्ये श्लायखरच्याच झाडाची फळे आहेत. वाक्याचा कर्ता भाषा असते आणि बोलणारा माणूस त्यात कुठेच नसतो.

झाडाच्या चित्रात आणखी एक अडचण आहे. एकदा फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, भाषा मात्र मिळतात. श्लायखरचाच विद्यार्थी योहानेस श्मिट याने 1872 साली झाडाऐवजी लाटेची उपमा सुचवली. तळ्यात खडा टाकल्यावर वर्तुळे पसरतात तसे भाषिक बदल पसरतात आणि भाषांच्या कुंपणाला जुमानत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही जेवायला जातो' यात समोरचा नाही, 'आपण जेवायला जाऊ' यात आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तमिळ, तेलुगूत तो आहे आणि मराठीत तो द्राविडी शेजारामुळे रुजला, असे अनेक अभ्यासक मानतात. पण 'आपण' हा शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'पासून आलेला. म्हणजे शब्द घरचा आणि त्याला लावलेले काम शेजारचे. झाड काढणाऱ्याला फक्त शब्द दिसतो.

ही त्रुटी आजच्या संगणकी झाडांतही शिल्लक आहे. 2003 साली रसेल ग्रे आणि क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी जीवशास्त्रातली गणिती पद्धत वापरून 87 भारत-युरोपीय भाषांचे झाड काढले आणि मूळ भाषेचे वय 7,800 ते 9,800 वर्षे ठरवले. त्या यादीत मराठीही होती. 2015 साली दुसऱ्या गटाने, प्राचीन भाषांना त्यांच्या वंशजांच्या पूर्वज मानण्याची अट घालून, तेच वय सुमारे 6,500 वर्षांवर आणले. 2023 साली आणखी एका गटाने ते पुन्हा सुमारे 8,100 वर्षांवर नेले. मला या कामाबद्दल आदर आहे. आपली गृहीतके उघड मांडून ती तपासू देणे ही मोठीच गोष्ट आहे. पण या साऱ्यांचा कच्चा माल म्हणजे मूलभूत शब्दांची यादी. 'आपण'ची कहाणी त्या यादीत मावत नाही. शिवाय ही झाडे 'केव्हा' हे सांगू पाहतात, 'का' हे नाही. आणि मुलाचा प्रश्न 'का' असा होता.

'का'कडे सरळ वळणारे पुस्तक म्हणजे विल्यम क्रॉफ्ट यांचे 2000 सालचे 'एक्स्प्लेनिंग लँग्वेज चेंज'. विज्ञानाचे तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी उत्क्रांतीची एक सर्वसाधारण चौकट मांडली होती, ती क्रॉफ्ट भाषेला लावतात. इथे भाषा हा जीव नाही. आपण बोलतो तेव्हा ऐकलेल्या ध्वनींची, शब्दांची, वाक्यरचनांची नक्कल करतो. नक्कल कधी हुबेहूब होते, कधी थोडी बदलते. हे झाले वैविध्य. मग एकाच गोष्टीच्या दोन रूपांपैकी एक फैलावते, दुसरे मागे पडते. ही झाली निवड. क्रॉफ्ट यांचे महत्त्वाचे म्हणणे असे की नवे रूप जन्मते ते बोलण्या-समजण्याच्या गरजांतून, पण ते पसरते सामाजिक कारणांनी. म्हणजे ते कोण बोलतो आणि आपल्याला कोणासारखे दिसायचे आहे यावरून.

ही चौकट मी माझ्याच तोंडच्या एका शब्दावर लावून पाहते. आमच्या घरी सगळे 'पानी' म्हणत. शाळेत वाचनाच्या तासाला मी 'पानी' वाचले की बाई म्हणत, "नळाचं पाणी पी, म्हणजे जीभ वळेल." वर्ग हसे. वर्षभरात माझी जीभ वळली. पुढे भाषाविज्ञान शिकताना कळले की संस्कृतात हा शब्द 'पानीय' असा आहे. त्यात 'न'च आहे. प्राकृतात 'न'चा 'ण' झाला आणि त्यातून आपले 'पाणी' आले. म्हणजे बाईंचे शुद्ध रूप हे कधीकाळी संस्कृताच्या तुलनेत अपभ्रष्टच होते. 'म्या केलं'ची गत तशीच. आज त्याला गावंढळ म्हणतात, पण 'म्यां' हे जुन्या मराठी ग्रंथांतले रूप आहे. प्रमाण भाषेने ते सोडले, बोलींनी सांभाळले.

'पाणी' तगले आणि 'पानी' हिणवले गेले, यात कोणत्या ध्वनीची लायकी ठरली? कुठल्याच नाही. तहान दोन्हींनी भागते. जोखला गेला तो बोलणारा, त्याचे गाव, त्याची जात, त्याची इयत्ता. क्रॉफ्ट यांच्या पुस्तकाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच. ते वाचल्यावर 'बळी तो कान पिळी'मधला बळी कोण, हे विचारावे लागते. तो शब्द नसतो, माणूस असतो.

तरीही या सिद्धान्ताशी माझे दोन मतभेद आहेत. पहिला असा, की जन्म सोयीने आणि प्रसार समाजाने ही वाटणी फार नीटनेटकी आहे. शिकायला सोपे असणे प्रसारालाही हातभार लावू शकते. दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. क्रॉफ्ट यांच्या चित्रात निवड ही असंख्य लहानसहान संभाषणांतून, जवळपास नकळत होते. आपल्याकडे ती बऱ्याचदा वरून, ठरवून झाली आहे. मोल्सवर्थचा कोश 1831 साली आला, मेजर कँडींच्या देखरेखीखाली शालेय पुस्तके घडली, पुढे साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. डार्विनने आपल्या ग्रंथाची सुरुवात रानातल्या प्राण्यांपासून केलेली नाही, माणसाने पाळलेल्या प्राण्यांपासून केली आहे. कोणत्या कबुतराची वीण वाढवायची, हे पाळणारा ठरवतो. प्रमाण मराठी हे असे पाळलेले कबुतर आहे. ते देखणे आहे आणि मी त्यातच लिहिते आहे, पण त्याला निसर्गाची निवड म्हणणे खोटे होईल.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली सांगली जिल्ह्याच्या सीमाभागातले एक गाव 'कुपवार' या नावाने अभ्यासले. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू शतकानुशतके एकत्र नांदत होत्या. त्यांच्या मते या भाषांचे व्याकरण इतके जवळ आले होते की वाक्याचा शब्दाला शब्द ठेवून अनुवाद करता यावा, पण शब्द मात्र वेगळेच राहिले, कारण घराघराची ओळख त्या शब्दांत होती. पुढे सोनल कुलकर्णी-जोशी यांनी या दाव्याची चिकित्सक फेरतपासणी केली आहे, तेव्हा तो जसाच्या तसा घेऊ नये. पण एवढे खरे, की मोठ्या भाषेशेजारी लहान भाषा टिकणे यात अघटित असे काही नाही. सालिकोको मुफवेने म्हणतात तसे, भाषेचे भवितव्य तिच्या परिसरात असते, आणि तो परिसर माणसांच्या व्यवहारांनी बनतो.

आता त्या मुलाला उत्तर. बाळा, तुझ्या वाडीवरची शाळा डार्विनच्या नियमाने बंद पडली नाही. निवड झाली हे खरे, पण ती करणारी माणसे होती. नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजीची अट घालणारी, पटसंख्येचा आकडा ठरवणारी, आणि आमच्यासारखी. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. तो निर्णय मी घेतला, मला त्याची कारणे होती, आणि त्यांतली काही आजही मला पटतात. पण तो निसर्गाने घेतला असे मी म्हणणार नाही. मराठीला 2024 साली अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तिच्या वयाचे पुरावे आपण अभिमानाने मोजले. वय मोजायला झाडाचे चित्र पुरते. तुझ्या वाडीवर उद्या कोणती भाषा शिकवली जाईल, हे मात्र ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि घरातल्या जेवणाच्या ताटांशी ठरते. त्या दिवशी सभागृह हसले तेव्हा मी हे सांगायला हवे होते.