परिसंवाद की पाच भाषणं?

संशोधनाला लागलात की वर्षभरात एखाद्या चर्चासत्राला तुम्ही जालच. पत्रिकेत 'परिसंवाद' छापलेलं असेल, विषय तुमच्याच कामाजवळचा असेल, आणि वहीत एक प्रश्न लिहून तुम्ही तिसऱ्या रांगेत बसाल. त्या प्रश्नाचं बहुतेक वेळा काय होतं, ते आधीच सांगून ठेवतो.

हिशोब साधा आहे. सत्र ९० मिनिटांचं, वक्ते पाच, प्रत्येकाला १५ मिनिटं. झाली ७५. स्वागत, परिचय, पुष्पगुच्छ यांत दहा गेली. आता पहिल्याच वक्त्याने पंचवीस मिनिटं घेतली की सगळं संपलं. शेवटी घोषणा होते, 'वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळेत विचारावेत.' चहाच्या वेळेत पाहुणे फोटोत उभे असतात.

आपण लांबण लावणाऱ्या वक्त्याला दोष देतो. मला तो अर्धवट वाटतो. पाच जणांना पंधरा-पंधरा मिनिटं देताना चर्चेसाठी जागाच ठेवली नव्हती, हे पत्रिका छापली तेव्हाच ठरलं होतं ना?

खरी गोम मंचावरच्या कामांच्या वाटणीत आहे. आपल्याकडे सूत्रसंचालक म्हणजे परिचय करून देणारा, मधे चार ओळी म्हणणारा निवेदक. सत्राध्यक्ष म्हणजे सगळं झाल्यावर समारोपाचं भाषण करणारी ज्येष्ठ व्यक्ती. मग दुसऱ्या वक्त्याला थांबवून 'तुमचं म्हणणं पहिल्यांच्या म्हणण्याशी जुळत नाही, का?' असं विचारायचं कोणी? हे काम कुणाकडेच नसतं. त्यात यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत व्याख्यानाला आणि निबंधवाचनाला गुण आहेत. चर्चा चांगली घडवून आणली म्हणून कोण गुण देतं?

हे वेगळ्या पद्धतीनेही करता येतं. रसायनशास्त्रातल्या 'फॅरडे डिस्कशन्स' पाहा. इंग्लंडमधल्या फॅरडे सोसायटीने १९०७ मध्ये ही चर्चा सुरू केली, आणि ती आजही चालते. तिथे निबंध सगळ्यांना आधीच वाचायला मिळतात. लेखकाला मंचावर जेमतेम पाच मिनिटं, बाकीचा वेळ चर्चेला. आणि ती चर्चा निबंधांबरोबर छापली जाते! म्हणजे सभागृहातून उठलेला प्रश्नही ज्ञानाचा भाग धरला जातो. आपल्याकडच्या स्मरणिकेत फक्त शुभेच्छा संदेश असतात, असो.

विभागात तुमच्यावर परिसंवादाची जबाबदारी आली (येतेच, विद्यार्थ्यांवर टाकतात), तर विषयापासून सुरुवात करा. 'ग्रामीण महाराष्ट्र : आव्हाने आणि संधी' यावर कुणाचं कुणाशी भांडणच होऊ शकत नाही. 'मुलाखत देणाऱ्या शेतमजुराला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत का?' यावर होऊ शकतं. एक म्हणेल, त्याची रोजंदारी बुडते. दुसरा म्हणेल, पैसे दिले की उत्तरं बदलतात. दोघांनी आपापल्या फील्डवर्कमधला दाखला द्यावा. असे तीनच वक्ते बोलवा, आणि त्यांचं मत खरोखर वेगळं आहे ना, हे फोन करून आधी बघा. प्रत्येकाकडून दोन पानी टिपण आठवडाभर आधी मागवा आणि ते तिघांनीही वाचलेलं असू द्या. ज्येष्ठ मंडळी टिपण देत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मग त्यांच्याशी फोनवर बोला, तुम्हीच लिहून काढा, त्यांना दाखवा. हे काम आठ-दहा दिवस खातं.

पहिला प्रश्न कुणाला द्यायचा, हेही विचार करून ठरवा. २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात दहा देशांतल्या सुमारे २५० सेमिनारांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आला होता. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे बायकांचे प्रश्न कमी येतात, असं त्यात दिसलं. तेव्हा सगळ्यात आधी वर गेलेला हात प्राध्यापकांचा असला, तरी मागच्या रांगेतल्या मुलीकडे माइक न्यायला हरकत नाही.

पाहुण्यांना मधेच टोकणं उद्धटपणाचं दिसेल, असं मार्गदर्शक म्हणतील. म्हणून टोकणार आहोत हे निमंत्रणातच लिहा, वेळेसकट. आणि समारोपाच्या भाषणाची पंधरा मिनिटं पत्रिका छापायच्या आधीच काढून टाका. सत्राध्यक्ष नाराज झाले, तर त्यांना उद्घाटनाला बोलवा.