'बुद्ध आणि त्याचा धम्म' : पारायण की परिपुच्छा?

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता, कथा आणि आत्मकथन यांची भरपूर चिकित्सा केली. नकार, विद्रोह, वेदना या शब्दांवर आपण पानेच्या पाने लिहिली. पण ज्या वस्त्यांतून हे साहित्य आले, त्या वस्त्यांत दरवर्षी मोठ्याने वाचला जाणारा ग्रंथ या समीक्षेच्या कक्षेत त्या मानाने कमी आला. तो ग्रंथ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. त्यावर जे लिहिले गेले ते बहुतेक त्यातील तत्त्वज्ञानाविषयी. बुद्धाने दुःखाविषयी नेमके काय सांगितले, कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय करायचे, बाबासाहेबांचा बुद्ध हाच पाली वाङ्मयातला बुद्ध काय, हे वाद महत्त्वाचे आहेत. पण पाळी संपवून आलेला कामगार आणि भाकऱ्या उरकून आलेली बाई ज्या ग्रंथासमोर तीन महिने बसतात, तो त्यांना नेमके काय देतो आणि कशा रीतीने देतो, हा प्रश्नही समीक्षेचाच आहे. मला तो येथे मांडायचा आहे.

मी चिंचणीचा. खाडीच्या दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. १९६९ साली तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि मच्छीमार, बागायतदार व आदिवासी यांच्या या किनाऱ्यावर कामासाठी आलेली माणसे स्थायिक झाली. त्यांत मराठवाडा-विदर्भातून, खानदेशातून आलेली बौद्ध कुटुंबेही आहेत. त्यांनी सोबत आणलेल्या थोड्या सामानात हा ग्रंथ होता. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या भागात वाचन सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. टेबलावर पांढरे वस्त्र, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुले. त्रिशरण, पंचशील, मग वाचन. बहुतेक वेळा वाचणाऱ्या बायाच असतात. समाप्तीला खीरदान होते.

या दृश्यावर दोन प्रकारची टीका माझ्या कानावर येते. पहिली आपल्याच शिकलेल्या तरुणांची. ते म्हणतात, ही नवी पोथी झाली. शेजारच्या आळीत चातुर्मासात 'शिवलीलामृत' चालते, आपल्याकडे हे चालते. फरक फक्त मुखपृष्ठाचा. दुसरी बाजू श्रद्धावंतांची. त्यांच्या मते बाबासाहेबांनी लिहिले म्हणजे अखेरचे लिहिले. वाचायचे, हात जोडायचे, शंका काढायची नाही. हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण ग्रंथ हा एकतर पुजायचा असतो किंवा टाकायचा असतो, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. ग्रंथाशी बोलता येते ही शक्यता दोघांच्याही हिशेबात नाही.

पहिल्या टीकेतला उपहास मला मान्य नाही. ज्यांच्या कानावर अक्षर पडू नये अशी व्यवस्था धर्मग्रंथांनीच केली होती, त्यांनी एखाद्या ग्रंथाला फुले वाहिली तर ती केवळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढता येत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, त्यांनीच आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आपल्या लोकांसाठी हा ग्रंथ लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. एका ग्रंथाच्या दहनापासून दुसऱ्या ग्रंथाच्या प्रकाशनापर्यंत तीस वर्षे गेली. ही तीस वर्षे ज्यांना ठाऊक आहेत, ते त्या पांढऱ्या वस्त्राला हसणार नाहीत. शिवाय आमच्या वस्तीत शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी बाया या वाचनामुळे चारचौघांत मोठ्याने वाचायला शिकल्या, हे मी पाहिले आहे. पण आदर आणि पारायण यांत अंतर आहे, आणि ते अंतर हा ग्रंथ स्वतःच दाखवतो.

त्यासाठी ग्रंथाची रचना पाहिली पाहिजे. आठ खंड, त्यांचे भाग, भागांत लहान लहान प्रकरणे आणि प्रकरणांत क्रमांक घातलेली छोटी वाक्ये. या क्रमांकांमुळे अनेकांना बायबलची आठवण झाली, आणि त्यात चूक नाही. १९५० साली महाबोधी संस्थेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनीच म्हटले होते की बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाला जवळ बाळगता येईल असा एक ग्रंथ बौद्धांपाशी नाही, ही मोठी उणीव आहे. पण क्रमांकांचा आणखी एक उपयोग आहे. क्रमांक असला की बोट ठेवता येते. 'त्या चौथ्या वाक्यात काय म्हटले?' असे निरक्षर म्हातारीही विचारू शकते. ओवी गळ्यावर वाहत जाते, तिला मध्येच थांबवणे अवघड. या ग्रंथाचे गद्य जागोजाग थांबते, आणि वाचणाऱ्यालाही थांबायची मुभा देते.

दुसरी गोष्ट प्रस्तावनेची. ग्रंथाच्या आरंभी बाबासाहेब चार प्रश्न ठेवतात : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खू कशासाठी. या प्रश्नांचा वाचकांनीही विचार करावा, उत्तरे शोधायला हातभार लावावा, अशी अपेक्षा ते व्यक्त करतात. धर्मग्रंथ उत्तराने सुरू होतो असा आपला अनुभव. हा प्रश्नांनी सुरू होतो. आणि आमच्याकडे वाचताना नेमकी हीच पाने ओलांडून थेट शाक्यांच्या कथेवर उडी घेतली जाते!

तिसरी आणि निर्णायक गोष्ट तिसऱ्या खंडात आहे. तेथे अधम्म म्हणजे काय याची यादी आहे. ईश्वरावरची श्रद्धा, आत्म्यावरची श्रद्धा, यज्ञ हे त्यात असणार याची आपल्याला कल्पना असते आणि आपण माना डोलावतो. पण यादीच्या शेवटी दोन प्रकरणे येतात. एकाचा आशय असा की धर्मग्रंथांचे नुसते वाचन म्हणजे धम्म नव्हे. दुसऱ्याचा असा की ग्रंथ प्रमादातीत आहे असे मानणे हा अधम्म होय. जो ग्रंथ स्वतःच्या पोटात हे लिहून ठेवतो, त्याला पोथी करणे म्हणजे त्याची आज्ञा मोडणे. त्याला पोथी म्हणून हिणवणे म्हणजे तो न वाचणे.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. पाचव्या खंडात गृहस्थांसाठी विनय आहे. त्यात मालक आणि नोकर यांच्या कर्तव्यांचे छोटे प्रकरण आहे. मालकाने नोकराला त्याच्या कुवतीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळोवेळी रजा द्यावी. कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणारी माणसे हे ऐकतात तेव्हा वाचन आपोआप थांबते. कोणी आपल्या हजेरीचे सांगतो, कोणी हात भाजल्यावर किती दिवस घरी बसावे लागले ते सांगतो. येथे ग्रंथ बळ देतो, पण ते कोणत्या प्रकारचे? मालक सद्गुणी होईल अशा आशेचे नव्हे. जे तुम्ही मागता ती भीक नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीही ते मालकाचे कर्तव्यच मानले गेले होते, हे कळण्याचे ते बळ आहे. आणि येथेच वाचकाने एक पाऊल पुढे टाकायचे असते. हे लिहिणारा माणूस १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होता. केवळ उपदेशाने मालक बदलत नाही म्हणून तो कायदे करत होता. विनय आणि कायदा दोन्ही एकाच हाताने लिहिलेले आहेत. नुसता विनय वाचून उठणारा कामगार अर्धेच वाचून उठतो.

दुःखाच्या प्रसंगीही हेच दिसते. घरात मृत्यू झाला की पुष्कळ ठिकाणी शेवटच्या खंडातली किसा गोतमीची कथा वाचतात. मेलेले मूल उठवणारा चमत्कार तेथे नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच बुद्ध सांगतो. या कथेवरून मृत्यू अटळ आहे असा बोध काढून आपण थांबतो. पण कथेत ती बाई काय करते ते पाहा. ती दारोदार जाते. प्रत्येक दारात तिला दुसऱ्याचे दुःख ऐकावे लागते. तिला सावरणारे बळ आकाशातून येत नाही, ते शेजाऱ्यांच्या दारातून येते. वस्तीत मयत झाल्यावर पाच घरांतून भाकरी येते, तिचा आणि या कथेचा संबंध कोणी वाचताना जोडून दाखवला तर ती कथा आपली होते.

ग्रंथ नेहमीच असा सोबत चालतो असे मात्र नाही. त्याच पाचव्या खंडात मुलींसाठी विनय आहे. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलींना तेथे सांगितले आहे की नवऱ्याआधी उठावे, सर्वांनंतर झोपावे, आनंदाने काम करावे, गोड बोलावे. एका वर्षी आमच्या वाचनात हे प्रकरण आले तेव्हा बोईसरच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी म्हणाली, "मी पहाटे पाचला उठते, पाळी करते, रात्री अकराला भांडी घासते. हे मला आधीच येतं. यात नवीन काय?" क्षणभर कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, "बाबासाहेबांनी लिहिलंय, पुढे वाचा." पण एका वयस्क बाईने त्याला थांबवले. "पुढे कशाला? जरा मागे जा बघू. नवऱ्यानं बायकोला मान द्यावा, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, ते कुठंय, ते वाचा." ते वाचले गेले. तरीही मुलीचा प्रश्न पुरता मिटला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

समीक्षक म्हणून मला हे स्पष्ट म्हटले पाहिजे : हे प्रकरण बाबासाहेबांनी जुन्या पाली वाङ्मयातून जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या विचारापेक्षा ते मागे आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाची स्त्रीविषयक भूमिका या प्रकरणात मावत नाही. हे म्हणणे ग्रंथाचा अपमान नव्हे. ग्रंथ प्रमादातीत मानू नका, हे त्याच ग्रंथाचे सांगणे पाळणे होय. बाहेरच्या टीकाकारांनी तर १९५९ सालीच महाबोधीच्या पानांवरून हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे असे म्हटले होते. त्यांचा आक्षेप असा की बाबासाहेबांनी परंपरा बदलली. त्या मुलीचा आक्षेप असा की येथे ती पुरेशी बदलली नाही. माझ्या मते दुसरा आक्षेप अधिक खरा, कारण तो जगण्यातून आला आहे.

आमच्या या किनाऱ्यावर लिहिलेल्या शब्दाचे दोन जुने नमुने सापडले आहेत. १९५० च्या दशकात चिंचणीत ताम्रपट मिळाले, राष्ट्रकूटकाळातले आणि त्यानंतरचे. त्यांत देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. तो शब्द हक्क पक्का करण्यासाठी धातूत कोरलेला होता, आणि जमिनीखाली राहून टिकला. दुसरा नमुना येथून दक्षिणेला, आज याच पालघर जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याचा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मिळाला १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. आठवा लेख इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण कळतो. राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेखातर शिकारीला जात. आपण धम्मयात्रेला जातो, आणि त्या यात्रेत जनपदातल्या माणसांना भेटणे, धम्माचा उपदेश करणे आणि धम्माविषयी परिपुच्छा करणे, म्हणजे विचारपूस, प्रश्नोत्तर करणे, हे येते. उपदेशाच्या जोडीला प्रश्न! दगडात कोरताना सम्राटालाही तो शब्द गाळावासा वाटला नाही.

आपल्या वर्षावासात उपदेश आहे, परिपुच्छा कमी आहे. ती वाढवायला मोठी योजना लागत नाही. आश्विन पौर्णिमेच्या आत ग्रंथ संपलाच पाहिजे हा हट्ट सोडावा. एका रात्री एकच प्रकरण वाचावे आणि तितकाच वेळ बोलण्याला द्यावा. प्रस्तावनेतील चार प्रश्नांपासून सुरुवात करावी. विचारलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी तेथून पुढे जाता येईल. बौद्धाचार्यांना उत्तर आले नाही तर 'पाहून सांगतो' म्हणण्यात कमीपणा मानू नये. आणि आपल्या लेखक-समीक्षकांनी व्यासपीठावरून या वाचनाची टिंगल करण्यापेक्षा वर्षातून चार रात्री तेथे जाऊन बसावे. दलित साहित्याचा वाचक कोठे आहे, असे आपण परिसंवादांतून विचारत असतो. तो तेथे सतरंजीवर बसलेला आहे, आणि त्याच्यापाशी प्रश्न आहेत.