परागकणांची साक्ष : कृष्णकमळ कुलाच्या वर्गीकरणाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

कृष्णकमळाच्या फुलात तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि तीन कुक्षिवृंत म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असे सांगण्याची रूढी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना त्याच वलयात काट्यांचा मुकुट, पुंकेसरांत पाच जखमा आणि कुक्षिवृंतांत तीन खिळे दिसले. ‘पॅसिफ्लोरा’ या नावाचे मूळ येशूच्या यातनांच्या या कल्पनेतच आहे. लिनीयसने 1753 मध्ये या वंशाला आपल्या ग्रंथात स्थान देताना पुंकेसर व बीजकोश एकाच दांड्यावर आहेत एवढे पाहिले आणि त्याला ऑर्किडांच्याच वर्गात बसविले. फूल एकच, परंतु पाहणाऱ्याने कोणते लक्षण महत्त्वाचे मानले, यावर त्याचा अर्थ ठरला. वर्गीकरणशास्त्रापुढील मूळ प्रश्नही हाच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून परागकणांकडे पाहिले जाऊ लागले. फुलाचे बाह्यरूप फसवे असेल, पण परागकणाचे कवच निःपक्षपाती साक्ष देईल, अशी त्यामागची अपेक्षा होती. ही अपेक्षा कितपत सार्थ ठरली, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फुलावर आधारलेले वर्गीकरण

पॅसिफ्लोरा वंशात आज पाचशेहून अधिक जाती मानल्या जातात व त्यांतील बहुसंख्य अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशात आढळतात. एल्सवर्थ किलिप यांनी 1938 मध्ये अमेरिकेतील 355 जातींची मांडणी 22 उपवंशांत केली. हे काम आजही संदर्भासाठी अपरिहार्य आहे. तथापि, त्यातील अनेक उपवंश पुष्पनलिकेची लांबी, वलयाची रचना आणि सहपत्रांचे स्वरूप यांवर उभे होते. अँडीज पर्वतातील टॅक्सोनिया गटातील फुलांची नलिका अतिशय लांब असते. त्यांतील काही फुलांचे परागण तितक्याच लांब चोचीचा हमिंगबर्ड करतो. अशा वेळी नलिकेची लांबी हा नात्याचा पुरावा मानावा की पाहुण्याच्या चोचीचा, असा प्रश्न उद्भवतो. फुइये आणि मॅकडूगल यांनी 2003-04 च्या सुमारास 22 उपवंशांच्या जागी अ‍ॅस्ट्रोफिया, डेडॅमिऑइडिस, डेकालोबा व पॅसिफ्लोरा हे चारच उपवंश मांडले आणि टॅक्सोनियाला पॅसिफ्लोरा उपवंशात सामावून घेतले.

परागकण काय सांगतात

परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ द्रव्याचे असते. या कवचात, अंकुरणाच्या वेळी परागनलिका बाहेर पडावी म्हणून, खाचा किंवा रंध्रे असतात. त्यांना आपण ‘द्वारे’ म्हणू. द्वारांची संख्या व मांडणी आणि कवचावरील नक्षी ही परागविज्ञानाची प्रमुख लक्षणे होत. एर्टमन यांनी 1952 च्या ग्रंथात सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी त्यांचा पद्धतशीर उपयोग केला. पुढे 1965 मध्ये प्रेस्टिंग व स्पिरले यांनी एकाच नियतकालिकात, एकाच वर्षी, या कुलाच्या परागांवर स्वतंत्र व विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केले.

या व नंतरच्या अभ्यासांतून एक ठळक चित्र उभे राहते. पॅसिफ्लोरा उपवंशातील परागकण आकाराने मोठे असून त्यांच्यावर जाळीदार नक्षी असते. त्यांच्या सहा खाचा टोकांशी जोडीजोडीने मिळतात, त्यामुळे कवचाचा काही भाग झाकणासारखा वेगळा दिसतो. डेकालोबा उपवंशातील अनेक जातींत खाचेबरोबर अंतर्द्वारही असते आणि द्वारांची संख्या सहापासून बारापर्यंत जाते. हाच भेद गुणसूत्रांतही उमटतो : पॅसिफ्लोरा उपवंशात मूलसंख्या प्रायः नऊ, तर डेकालोबात सहा आहे. 2003 नंतर प्रसिद्ध झालेल्या डीएनए-आधारित अभ्यासांनीही या दोन शाखा वेगळ्या असल्याचे दाखविले. येथे परागकणांची साक्ष खरी ठरली, आणि ती डीएनए अभ्यासांच्या कितीतरी आधी नोंदविली गेली होती, हे तिचे विशेष मोल आहे.

साम्याचे दोन अर्थ

मात्र वंशाबाहेर पाऊल टाकताच हीच साक्ष दुबळी होते. टर्नेरा आणि मालेशेर्बिया यांचे परागकण तीन द्वारांचे असतात. अ‍ॅडेनियासारख्या कृष्णकमळाच्या निकटच्या वंशांतही तीच स्थिती आढळते. यावरून हे सर्व एकाच कुलातील आहेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तीन द्वारे हे द्विदलिकितांच्या फार मोठ्या समूहाचे पूर्वापार लक्षण आहे. वारशाने सर्वांकडे आलेली वस्तू दोघांचे विशेष नाते सिद्ध करीत नाही. 1998 च्या एपीजी वर्गीकरणात ही कुले स्वतंत्र होती; 2003 मध्ये त्यांच्या विलीनीकरणाचा पर्याय दिला गेला; 2009 मध्ये ती पॅसिफ्लोरेसी कुलात समाविष्ट झाली व 2016 मध्येही तीच भूमिका कायम राहिली. या निर्णयाचा मुख्य आधार डीएनएचा होता.

म्हणजेच एकाच लक्षणाचे मूल्य स्थानानुसार बदलते. सहा वा बारा द्वारे ही नवीन घडण असल्याने ती वंशांतर्गत शाखा ओळखण्यास उपयोगी पडते. तीन द्वारे ही जुनी ठेव असल्याने ती कुलाची सीमा ठरवू शकत नाही. ‘परागकण सारखे, म्हणून वनस्पती नात्यातल्या’ हे विधान त्यामुळे अपुरे आहे. साम्य जुने की नवे, हे प्रथम विचारले पाहिजे.

पद्धतीविषयी काही आक्षेप

आपल्याकडील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत परागकणांवर बरेच काम होते, कारण त्यासाठी लागणारी सामग्री तुलनेने सुलभ आहे. नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड व एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्या मिश्रणाने कण स्वच्छ करावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. तरीही या प्रकारच्या लेखनात तीन उणिवा वारंवार जाणवतात.

पहिली उणीव वनस्पतीच्या ओळखीची. बागांतील कृष्णकमळे पुष्कळदा संकरित असतात. संग्रहालयात नमुना जतन केला नसेल, तर मोजलेले पराग नेमके कोणाचे, हे पुढील अभ्यासकाला तपासता येत नाही. दुसरी उणीव मापनाची. ग्लिसरीन जेलीत ठेवलेले कण कालांतराने फुगतात. टर्नेरासारख्या द्विरूपी फुलांच्या वनस्पतींत दोन रूपांच्या परागांचे आकारमान भिन्न असू शकते. केवळ सरासरी लांबी-रुंदीवर जाती वेगळ्या करणे म्हणूनच धोक्याचे आहे. तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. चार-पाच जातींचे वर्णन करून शेवटी ‘सदर निष्कर्ष प्रचलित वर्गीकरणाशी सुसंगत आहेत’ असे लिहिले जाते. आधी गट ठरवून नंतर त्या गटांना जुळणारी लक्षणे निवडली, तर सुसंगती येणारच. त्यातून वर्गीकरणाची परीक्षा झाली, असे म्हणता येत नाही. साक्षीदाराने उलट उत्तर देण्याची शक्यता असेल, तेव्हाच त्याच्या साक्षीला अर्थ असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परागकणांची रचना हा कृष्णकमळ कुलाच्या वर्गीकरणातील मोलाचा, परंतु मर्यादित अधिकाराचा पुरावा आहे. पॅसिफ्लोरा व डेकालोबा यांच्यातील भेद तो स्पष्ट करतो. कुलाच्या विस्तृत सीमेविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. डेडॅमिऑइडिस हा उपवंश डीएनए अभ्यासांत एकसंध ठरलेला नाही. अशा वादग्रस्त गटांतील परागकण, उपवंशाचे नाव बाजूला ठेवून, तपासणे हे पुढील अभ्यासाचे खरे क्षेत्र होय. आपल्याकडेही घाणेरी वेल म्हणून उपेक्षिलेली पॅसिफ्लोरा फीटिडा कुंपणाकुंपणावर पसरलेली आहे. किलिप यांनी तिच्यासाठी वेगळा उपवंश मानला होता, तर नव्या मांडणीत ती पॅसिफ्लोरा उपवंशात आली, आणि तरीही तिच्या गुणसूत्रांची मूलसंख्या नऊऐवजी दहा आढळते. नीट जतन केलेला नमुना, अनेक ठिकाणांहून घेतलेले पराग आणि न जुळणारे निरीक्षणही नोंदविण्याची तयारी एवढ्या बळावर एखाद्या लहान महाविद्यालयाची प्रयोगशाळाही या चर्चेत भर घालू शकेल.